कोहेन की नेहोक? उजवीकडून डावीकडे चालणाऱ्या रकान्याचा इतिहास

१/ ‘कोहेन’ हे आडनाव हिब्रूत काफ, हे, नून या तीन अक्षरांनी, उजवीकडून डावीकडे लिहितात. मग संगणकात ते साठवताना पहिले अक्षर कोणते धरायचे? प्रश्न क्षुल्लक भासतो. परंतु त्याच्या चुकीच्या उत्तराची किंमत पुढे अनेक वर्षे मोजावी लागली.

२/ आरंभीचे संगणक इंग्रजीसाठी घडले होते. पडद्यावर अक्षर डावीकडून उमटणार, हे गृहीतच होते. सात बिटांच्या इस्रायली संकेतात हिब्रूला स्वतंत्र जागाही नव्हती. २२ अक्षरे आणि ५ अंत्यरूपे मिळून २७ चिन्हे इंग्रजी लहान लिपीच्या घरांत बसवली गेली. हिब्रू हवी तर इंग्रजी केवळ मोठ्या अक्षरांत, असा तो सौदा होता.

३/ दिशेचा प्रश्न मात्र उरलाच. त्यावर सोपी युक्ती निघाली: शब्द उलटा साठवायचा, म्हणजे डावीकडून छापणारे यंत्र तो आपोआप सुलटा दाखवील. हा ‘दृश्यक्रम’. डोळ्यांना सर्व ठीक दिसे. पण माहितीसाठ्याला डोळे नसतात. अशा साठ्यात कोहेन यांच्या नोंदीचे पहिले अक्षर नून ठरते. अकारविल्हे यादी केली की ते काफऐवजी नूनखाली जाऊन बसतात आणि सरळ क्रमाने शोधणाऱ्याला सापडतच नाहीत. लांब मजकूर दोन ओळींत मोडला, तर वाक्याचा शेवट वर आणि आरंभ खाली येतो.

४/ मराठी वाचकाला हे दुखणे परके नाही. ‘कि’मधील ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, उच्चारात मात्र क नंतर येते. युनिकोडपूर्व अनेक मराठी फॉन्टांत वेलांटी आधी टंकावी लागे. दिसण्याचा क्रम आणि असण्याचा क्रम यांतील हीच तफावत. हिब्रू-अरबीत ती संपूर्ण ओळीला व्यापते, इतकेच.

५/ या गुंत्याची स्वच्छ मांडणी झेरॉक्समधील जो बेकर यांनी केली. जुलै १९८४ च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील बहुभाषिक शब्दसंस्करणावरील लेखात त्यांनी साठवण आणि मांडणी ही दोन कामे वेगळी केली. मजकूर वाचनाच्या क्रमाने साठवावा, दिशा पडद्यावर दाखवताना ठरवावी. हेच बेकर पुढे युनिकोडच्या जनकांपैकी एक झाले, आणि हे तत्त्व युनिकोडच्या द्विदिशा-नियमांचा पाया ठरले.

६/ मग अंक आडवे आले. अरबी मजकूर उजवीकडून चालतो, पण त्यातील संख्येचा सर्वांत मोठा स्थानांक डावीकडेच असतो, अगदी देवनागरीप्रमाणे. (अरबी भाषक आपल्या या अंकांना आजही ‘हिंदी अंक’ म्हणतात, नवव्या शतकात अल-ख्वारिज्मीने भारतीय गणनपद्धतीवर ग्रंथ लिहिला होता.) त्यामुळे एकाच ओळीत दोन प्रवाह वाहतात.

७/ याचा खरा उपद्रव फॉर्ममध्ये जाणवतो. उजव्या दिशेच्या रकान्यात परदेशी दूरध्वनी क्रमांक लिहिला, की आरंभीचे अधिकचिन्ह संख्येच्या उजवीकडे जाऊन बसते. क्रमांकाचे गट मोकळ्या जागेने तोडले असतील, तर गटांचीच अदलाबदल दिसते. साठवलेला क्रमांक अचूक असतो, परंतु पडद्यावरून उतरवून घेणारा कारकून चुकीचा आकडा लावतो. म्हणून जाणता रचनाकार नाव आणि पत्त्याचा रकाना उजवीकडून ठेवतो. दूरध्वनी आणि ईमेलचा मात्र डावीकडूनच.

८/ उरलेला फॉर्म आरशात पाहिल्यासारखा उलटतो. रकान्याचे नाव उजवीकडे, सरकपट्टी डावीकडे, टॅबची कळ दाबली की उडी उजवीकडून डावीकडे. विसाव्या शतकाच्या अखेरीस विंडोजने हे मुळातूनच सोडवले: खिडकीचा शून्यबिंदू वरच्या डाव्या कोपऱ्यातून उजव्या कोपऱ्यात हलवला, आणि सर्व अंतरे तेथून मोजली जाऊ लागली. ‘ॲक्सेस’मध्ये तर फॉर्मची दिशा, रकान्याचा वाचनक्रम, अंकांचे रूप आणि कळफलकाची भाषा हे चार निरनिराळे गुणधर्म आहेत. आरसा सरसकट लावून मात्र चालत नाही. घड्याळाचे काटे अरबस्तानातही उजवीकडेच फिरतात.

९/ तरीही एक फट राहिली. इंग्रजी यादीत कोणी आपले नाव हिब्रूत भरले आणि त्यापुढे संख्या आली, तर ती संख्या उडी मारून नावाच्या डावीकडे जाई. हिब्रू नाव शेजारच्या अंकांनाही आपल्या प्रवाहात ओढून नेई. त्यावर उपाय म्हणून २०१३ मध्ये युनिकोड ६.३ ने विलगीकरणाची अदृश्य चिन्हे आणली. परका मजकूर त्यांच्या कुंपणात ठेवला की त्याची दिशा बाहेर झिरपत नाही.

१०/ दृश्यक्रम मात्र पुरता गेला नाही. जुन्या इस्रायली संकेतस्थळांमुळे हिब्रूच्या आयएसओ ८८५९-८ या संकेताला वेबवर दोन नावे पडली: एक दृश्यक्रमाचे, दुसरे शेवटी ‘आय’ लावलेले, वाचनक्रमाचे. दोहोंची अक्षरसारणी एकच. ब्राउझरांसाठीच्या आजच्या प्रमाणकातही ही दोन नावे वेगळी नोंदलेली आहेत, कारण उलटी लिहिलेली ती जुनी पाने अजून कोणीतरी उघडते.