वसुबारस आणि वाघबारस



आश्विन वद्य द्वादशीच्या संध्याकाळी आपल्या घरांतून सवत्स धेनूची पूजा होते. गाय मिळाली नाही तर पाटावर चित्र मांडतात, सुवासिनी ओवाळतात, आणि दिवाळी सुरू झाली असे आपण म्हणतो. पंचांगातली तीच तिथी डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा ह्या वारली मुलखात आणि अकोले-इगतपुरीच्या डोंगरात महादेव कोळी व ठाकर लोकांत वाघबारस म्हणून पाळली जाते. आपण पूजितो गाईला. ते पूजितात त्या गाईला खाणाऱ्या वाघाला! प्रथमदर्शनी हा केवढा विरोध वाटतो. पण थोडा विचार केला म्हणजे दिसते, की दोन्हीकडे चिंता एकच आहे : गोधन वाचावे, आणि पिकले ते पदरी पडावे.

हा दिवस त्या लोकांनी का निवडला, हे तिथली शेती पाहिल्यावाचून कळणार नाही. पाऊस उघडलेला असतो. नागली, वरई आणि हळवे भात तयार होत आलेले असते. रानातले गवत पुरुषभर वाढलेले, आणि त्याच गवतात गुरे व गुराखी पोरे दिवसभर वावरतात. वर्षभराच्या कष्टाचे फळ शिवारात उभे असते आणि धोकाही तिथेच दबा धरून असतो. म्हणून कापणीच्या आनंदाला रक्षणाच्या विधीची जोड मिळाली.

वाघोबाचे ठाणे म्हणजे देऊळ नव्हे. गावाच्या शिवेवर, झाडाखाली, लाकडाची फळी किंवा दगड उभा असतो. त्यावर वाघ, वर चंद्र-सूर्य, क्वचित नाग कोरलेला असतो. त्याला शेंदूर लावतात, नारळ फोडतात, कोंबडे देतात. डोंगराकडे गुराखी पोरे घरोघर फिरून तांदूळ-गूळ गोळा करतात, रानात खीर शिजवून नैवेद्य दाखवितात. त्यांतलाच एखादा पोरगा वाघ होतो, दुसरा अस्वल, तिसरा कोल्हा. आणि आमच्या शिवारात पुन्हा येऊ नकोस, असे बजावून बाकीचे त्यांना पिटाळून लावतात. पाहणाऱ्यास हा खेळ वाटेल. खेळणाऱ्यास तो बंदोबस्त असतो.

वाघोबाची कथा पाड्यापाड्यावर निराळी सांगतात. एकीचा गाभा असा : एका कुमारिकेला मुलगा झाला. तो रानात गेला की वाघ होई आणि गावाची गुरे मारी. लोक त्याच्या जिवावर उठले, तेव्हा आई मध्ये पडली. तोडगा निघाला, की गावाने त्याला ठाणे द्यावे, वर्षातून एकदा त्याचा मान द्यावा, आणि त्याने रानात राहावे. म्हणजे वाघ हा शत्रू नव्हे, गावचाच लेक आहे; त्याच्याशी युद्ध नाही, करार आहे.

पीक खळ्यावर आले, की मान कणसरीचा. कणसरी ही वारल्यांची धान्यदेवता. भगत घांगळी वाजवीत तिची कथा गातो. देवाला आणि पितरांना दिल्यावाचून नवे धान्य तोंडात घालायचे नाही, हा दंडक. मग दुधीभोपळ्याचा तारपा वाजू लागतो आणि रात्र रात्र नाच चालतो.

आता इतिहासाने विचारायचा प्रश्न असा : वाघापासून राखलेले हे धान्य पुढे कुणाच्या घरी गेले? १८७८ च्या जंगल कायद्यानंतर रान सरकारी झाले. जमिनी सावकार व जमीनदारांच्या हाती गेल्या. पावसाळ्यात पोटासाठी घेतलेली खावटी कापणीला दिडीने, दुपटीने फेडावी लागे. लग्नासाठी कर्ज काढणारा वारली ‘लग्नगडी’ होऊन धनकोकडे राबे. सिमिंग्टन ह्या सनदी अधिकाऱ्याने १९३८-३९ च्या सुमारास हे सरकारी अहवालात नमूद केले. मे १९४५ मध्ये झरी येथे परिषद भरून वारल्यांनी वेठ नाकारली. त्याच वर्षी गवतकापणीच्या मजुरीचा झगडा चालू असता, १० ऑक्टोबरला तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगडसह पाच जण मेले. वाघबारस अवघी तीन आठवड्यांवर आली होती. शिवेवरचा वाघ वर्षाकाठी एका कोंबड्यावर संतुष्ट होत असे. माणसांशी मात्र तसा करार वारल्यांना कधी करता आला नव्हता. तो मागण्यासाठी ही माणसे जमली होती.

त्या भागातून पट्टेरी वाघ पुढे नाहीसा झाला, बिबळ्या उरला. वाघोबा ह्या नावात दोघेही मावतात, म्हणून ठाणी ओस पडली नाहीत. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ठाणे, पालघर व मुंबई उपनगर मिळून अशी सुमारे दीडशे ठाणी नोंदलेली आहेत. पूजा केल्याने बिबळ्या गुरे मारीत नाही, असे कोणी म्हणणार नाही. पण मारल्यावरही सूड न घेता त्याच्या शेजारी राहण्याची बुद्धी ह्या विधीने पिढ्यान्‌पिढ्या जागती ठेवली.

येत्या वसुबारसेला निरांजन ओवाळताना आपण एवढे आठवावे, की त्याच वेळी डोंगरात कोणी वाघापुढे दिवा लावीत आहे, आणि त्याचे मागणे आपल्यापेक्षा निराळे नाही.