माळ ‘पडीक’ कुणी ठरवला?



२०२५ साली ‘पीपल अँड नेचर’ या संशोधनपत्रिकेत आपल्या महाराष्ट्राबद्दलचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. लेखक आहेत आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील. वर्तमानपत्रांनी त्याच्या चार-दोन बातम्या केल्या आणि विषय संपला. पण हा निबंध गायरानाच्या लढ्यात असलेल्या प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घेतला पाहिजे असे आम्हाला वाटते. तो आपल्या बाजूने वापरता येतो, तसाच आपल्या विरुद्धही वापरला जाऊ शकतो. दुसरे होण्याआधी पहिले झाले पाहिजे.

या दोघांनी विचारलेला प्रश्न साधा आहे. पश्चिम महाराष्ट्राच्या पर्जन्यछायेत जो उघडा, गवताळ, काटेरी झाडांचा मुलूख आहे, तो मुळात जंगल होता आणि माणसाने तोडून उजाड केला, की तो पहिल्यापासून असाच होता? उत्तर शोधायला त्यांनी जुने मराठी वाङ्मय धुंडाळले. तेराव्या शतकापासूनचे ग्रंथ, लोकगीते, कथा, दैवतांच्या कहाण्या. त्यांत स्थळासह उल्लेख असलेल्या रानटी वनस्पतींची नोंद केली. एकूण ४४ जाती निघाल्या. त्यांतल्या २७ जाती उघड्या माळरानाच्या, १४ कुठेही वाढणाऱ्या आणि दाट जंगलाच्या फक्त ३. निष्कर्ष असा की हा माळ किमान ७५० वर्षे माळच आहे. इंग्रज येण्याच्या, रेल्वेसाठी लाकूडतोड होण्याच्या, लोकसंख्या वाढण्याच्या कितीतरी आधीपासून.

ज्ञानाचा पुरावा फक्त प्रयोगशाळेत असतो असे मानणाऱ्यांना ही चपराक आहे. गुरे राखणाऱ्याच्या आणि जात्यावर बसलेल्या बाईच्या तोंडचे शब्द इथे विज्ञानाचा दाखला झाले. (जात्यावरच्या ओव्यांचा एक लाखाहून मोठा साठा हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी गावोगाव फिरून गोळा केला. त्यात बाबासाहेबांवरच्या ओव्या किती आहेत, हे ज्यांनी अजून पाहिले नसेल त्यांनी जरूर पाहावे.)

हे संशोधन एकटे नाही. २०११ साली जयश्री रत्नम, महेश शंकरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले होते की आशियातल्या अनेक भूभागांना ‘विरळ जंगल’ किंवा ‘ऱ्हास झालेले जंगल’ म्हणणे चूक आहे, ते सॅव्हाना आहेत. जंगलात झाडांचे छत मिटते आणि खाली गवत टिकत नाही. सॅव्हानात गवत सलग असते, झाडे सुटी असतात, ऊन जमिनीपर्यंत पोचते. हिवर, बोर, बाभूळ, तरवड आणि खाली पवन्या, मारवेल, कुसळी. हे गवत पाऊस संपला की वाळते, जळते, चरले जाते आणि पुन्हा मुळातून फुटते. त्याची संपत्ती वर दिसत नाही, मुळात आणि मातीत असते. कार्बनही तिथेच साठलेला असतो.

मग हा माळ ‘पडीक’ कधी झाला? इथे इतिहास बघावा लागतो.

इंग्रजी राज्याला जमिनीकडून एकच गोष्ट हवी होती, महसूल. जी जमीन सारा भरते ती जमीन, जी भरत नाही ती पड. इंदापूर तालुका हे याचे चांगले उदाहरण. नीरा आणि भीमेच्या मधला हा मुलूख अस्सल माळरानाचा. आधी प्रिंगलने इथे मोजणी केली आणि इतका जबर सारा बसवला की रयत जमीन सोडून गेली. मग १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने मोजणी केली, सारा उतरवला, आणि मुंबई इलाख्याच्या रयतवारी मोजणीचा पाया इथेच घातला गेला. या पद्धतीत प्रत्येक सर्व्हे नंबरातल्या लागवडीलायक नसलेल्या तुकड्याला नाव मिळाले पोटखराबा. बाकीची सरकारी पड, गायरान, कुरण. वऱ्हाडात तीच जमीन ‘ई-क्लास’ झाली. पुढे १८७८ च्या वन कायद्याने आणखी मोठे तुकडे जंगल खात्याकडे गेले, त्यांवर झाड असो वा नसो.

म्हणजे ‘पडीक’ हा शब्द मातीने दिलेला नाही. तो दप्तराने दिलेला आहे. त्या जमिनीवर गवत आहे का, मेंढ्या चरतात का, सरपण मिळते का, हे त्या रकान्यात लिहायला जागाच नव्हती.

आता ही जमीन सगळ्यात जास्त कोणाच्या पायाखालची होती ते पाहा. गावाची शीव राखणे, शिवेच्या भांडणात साक्ष देणे, सरकारी अंमलदार आला की त्याच्या घोड्याला चारा आणि चुलीला लाकूड पुरवणे, मेलेले ढोर ओढणे, ही महाराची वतनी कामे. शिवेचा दगड कुठला आणि ओढा कुठून वळतो हे त्याला पाटलापेक्षा चांगले ठाऊक. आणि मोबदल्यात हाडकी-हाडवळ्याचा तुकडा. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले ते या गुलामीतून सोडवण्यासाठी. वतने गेली ती स्वातंत्र्यानंतर, १९५८ च्या कायद्याने. शीव ओळखणारा माणूस मात्र बहुतेक ठिकाणी भूमिहीनच राहिला.

म्हणून आम्ही ‘गावाची सामाईक संपत्ती’ हा शब्द ऐकला की सावध होतो. गायरान सामाईक होते असे पर्यावरणवादी मित्र मोठ्या प्रेमाने सांगतात. कोणाचे सामाईक? विहीर सामाईक होती, तीवर आमचा हात चालत नव्हता. देऊळ सामाईक होते. संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी ग्रामव्यवस्थेच्या गोडव्यांचे जे वाभाडे काढले, ते गायरानालाही लागू आहे.

याच दप्तरी शब्दाला चळवळीने उलटे फिरवले, आणि ही आपल्या इतिहासातली फार हुशार चाल होती. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५३ साली मराठवाड्यात, तेव्हाच्या हैदराबाद राज्यात, भूमिहीनांनी सरकारी पड जमिनींसाठी सत्याग्रह केला. १९५९ साली खानदेश, नाशिक, नगर भागात तो पुन्हा पेटला. आणि ६ डिसेंबर १९६४ पासून रिपब्लिकन पक्षाने देशभर जो सत्याग्रह केला, त्यात लाखोंनी तुरुंग भरले. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींना बोलणी करावी लागली. त्या मागण्यांत कसेल त्याची जमीन होती, आणि पडीक जमीन भूमिहीनाला द्या हीही होती. तुमच्याच कागदावर ही जमीन निरुपयोगी आहे ना? मग आम्हाला द्या, आम्ही पिकवून दाखवतो. सरकारकडे याला उत्तर नव्हते.

त्याच लढ्याच्या रेट्यातून आणि पुढे मराठवाड्यात एकनाथ आवाडांसारख्यांनी उभ्या केलेल्या गायरान चळवळीच्या काळात, नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आला. १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन मागासवर्गीयांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करायची. तारीख कोणती निवडली आहे ते लक्षात घ्या, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाचा आरंभ. निर्णय झाला, अंमल रखडला. हजारो कुटुंबे आजही कसतात, पण सातबाऱ्यावर नाहीत.

आता तीच जमीन पुन्हा ‘पडीक’ म्हणून बाहेर काढली जाते आहे, पण यावेळी हवामान बदलाच्या नावाने. केंद्राचा भूसंसाधन विभाग आणि हैदराबादचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र पडीक जमिनींचा नकाशासंग्रह काढतात. २०१९ च्या आवृत्तीत देशातली साधारण ५.५७ कोटी हेक्टर, म्हणजे सुमारे १७ टक्के जमीन पडीक दाखवली आहे. झुडपी माळ त्यातच. २०२२ साली एम. डी. मधुसूदन आणि अबी तमिम वनक यांनी देशातल्या कोरड्या भागांतल्या उघड्या नैसर्गिक परिसंस्थांचा नकाशा केला. देशाच्या सुमारे १० टक्के भूभागावर त्या आहेत, आणि त्यांचा मोठा भाग सरकारी नकाशात पडीक म्हणून रंगवलेला आहे. विंगेटसाहेबाचा रकाना उपग्रहावर चढला, एवढाच फरक.

जगातही तेच. २०१९ साली ‘सायन्स’ या पत्रिकेत एक निबंध आला की पृथ्वीवर आणखी ९० कोटी हेक्टरवर झाडांचे छत उभे करता येईल. प्रचंड गाजला. लगेच त्याच पत्रिकेत इतर शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की हा हिशेब फुगवलेला आहे आणि त्यात गवताळ प्रदेश झाडे लावायची रिकामी जागा म्हणून धरले आहेत. गाजला तो पहिला निबंध, दुसरा नाही. भारत सरकारने २०३० पर्यंत २.५ ते ३ अब्ज टन कार्बन डायऑक्साइडइतका जादा साठा झाडांतून करण्याचे वचन जगाला दिले आहे. एवढी झाडे लावायची कुठे? बागायती उसात कोणी लावू देणार नाही. मग गायरानावर, माळावर. पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर ग्लिरिसिडिया लावून काय साधले ते बघून या. खाली गवत नाही, गुरे तोंड लावत नाहीत. आणि २०२३ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० साठीही सरकारी जमिनी, त्यात गायराने, शोधली जात आहेत. सौर विजेला आमचा विरोध नाही. पण कुंपण कोणाच्या चुलीपुढे पडते, हे विचारणारच.

इथे एक अडचणीचा प्रश्न आहे, तो टाळून चालणार नाही. माळ जर साडेसातशे वर्षांचा जिवंत परिसर असेल, तर तो नांगरणारा भूमिहीन त्याचा नाश करतो की नाही? उद्या एखादा वकील हाच शोधनिबंध न्यायालयात ठेवून गायरानधारकांना हुसकावण्याची मागणी करेल. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वर्षअखेरपर्यंत गायरानावरची अतिक्रमणे काढायला सांगितली, तेव्हा नोटिसांनी घरोघरी काय धाकधूक झाली हे आपण पाहिले आहे.

आमचे म्हणणे असे. नांगराने गवत जाते, हे खरे आहे आणि ते मान्य करावे. पण महाराष्ट्राचा माळ मुख्यतः कोणी खाल्ला, हे क्षेत्राच्या हिशेबाने बघा. उजनीचे पाणी आल्यावर सोलापूर जिल्ह्यात ऊस कुठवर गेला ते बघा. नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ साली घोषित झाले तेव्हा सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर होते, ते नंतर साधारण १२२२ वर आणले गेले. ते दोन-तीन एकर बाजरी-तूर पेरणाऱ्या भूमिहीनासाठी आणले नव्हते. उसाच्या फडाला सातबारा आहे म्हणून त्याला कोणी अतिक्रमण म्हणत नाही, एवढेच.

दुसरे, विज्ञान सांगते की माळ काय आहे. माळावर हक्क कोणाचा, हे ते सांगत नाही. तो राजकीय प्रश्न आहे आणि तो संविधानाने सोडवायचा आहे. बाबासाहेबांनी १९१८ साली लहान शेतांच्या प्रश्नावर लिहिले तेव्हा हेच केले होते. तज्ज्ञ म्हणत होते शेते लहान म्हणून शेती बुडते, तुकडे जोडा. त्यांनी आकडे तेच घेतले आणि दाखवले की शेतावर माणसांचा भार जास्त आहे, त्यांना उद्योगात काम द्या. पुढे १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ मध्ये शेतजमीनच राज्याच्या मालकीची करून सामुदायिक शेतीची योजना मांडली, जिच्यात ना जमीनदार, ना कूळ, ना भूमिहीन. गायरानाचा तुकडा हे आपले अंतिम ध्येय कधीच नव्हते. दुसरे काही दिलेच नाही, म्हणून माणसे तिथे गेली.

तेव्हा मागणी दुहेरी हवी. १९९० पूर्वीचे कसणारे नियमित करा, त्यांना हात लावू नका. आणि जो माळ अजून शिल्लक आहे त्यावर ना झाडे, ना पॅनेल, ना कोणा धनदांडग्याचा नवा नांगर. त्या गवतावर पहिला हक्क भूमिहीन बायांच्या गटांना आणि मेंढपाळांना द्या. गवताचा लिलाव गावातल्या बड्यांनी घ्यायचा आणि मजुरीने कापायला आपल्या बाया, हे बंद. गायरानधारकाच्या उभ्या पिकात गुरे घालण्यासाठी धनगर आणि दलित यांना एकमेकांसमोर उभे करण्याचा डाव जुना आहे, ही मागणी तो मोडते.

कायद्यातही धागा आहे. गायरानावरून सगळे ज्याचा दाखला देतात, त्या २८ जानेवारी २०११ च्या जगपाल सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने अतिक्रमणे हटवायला सांगितले, पण त्याच निकालात अपवादही ठेवला. सरकारी अधिसूचनेखाली भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना जमीन दिली असेल, तर नियमितीकरणाला वाव आहे. नोटिशीत पहिला भाग छापतात, दुसरा गाळतात. उत्तर देताना तो भाग शब्दशः उतरवून जोडा.

आणि पुरावा आत्ताच गोळा करा. तलाठ्याकडचा गाव नमुना १-ई, म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही, तिची १९९० पूर्वीची नक्कल माहितीच्या अधिकारात मागवा. पीकपाहणीतले शेरे, भरलेल्या दंडाच्या पावत्या, त्या काळात घातलेल्या पोलीस केसचे कागद, सगळे जपून ठेवा. ज्या म्हाताऱ्यांनी १९६४ चा सत्याग्रह पाहिला त्यांची साक्ष लिहून घ्या. आणि ती घेताना जमिनीवर तेव्हा कुठले गवत होते, हेही विचारा.