वर्गातला छापखाना
आज मुले ब्लॉग लिहितात, विकीवर एकमेकांचे लेखन सुधारतात. ही सारी संगणकाची करणी, असे आपण समजतो. आम्हांला तिचे मूळ फ्रान्समधील बार-स्युर-लू या खेड्यात दिसते. तेथले शिक्षक सेलेस्तँ फ्रेने पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला जखम होऊन आलेले. तास तास बोलणे त्यांना झेपेना. (आम्हां व्याख्यात्यांनी हे ध्यानी घ्यावे!) १९२४ साली त्यांनी वर्गातच लहानसा छापखाना आणला. मुले आपला मजकूर मिळून दुरुस्त करीत, खिळे जुळवीत, छापलेली पाने दूर ब्रिटनी प्रांतातल्या शाळेला धाडीत. तिकडून उत्तरे येत. शेऱ्यासाठी लिहिणे निराळे, अनोळखी सवंगड्यासाठी लिहिणे निराळे. पुढे १९३२ त सँ-पोल गावी एका मुलाच्या छापलेल्या स्वप्नावरून वादळ उठले. त्या स्वप्नात वर्गाने मेयरविरुद्ध बंड पुकारले होते! फ्रेने यांना ती शाळा सोडावी लागली. छापखाना त्यांनी सोडला नाही.