कृपेला 'इफ' असतो का?

देव माणसाला तारतो, ते त्याची लायकी बघून की निव्वळ स्वतःच्या मर्जीने? प्रश्न रविवारच्या प्रवचनातला वाटतो ना? पण मंडळी, याच वादात १६१९ साली हॉलंडमध्ये ७१ वर्षांच्या एका मुत्सद्द्याचं डोकं उडवलं गेलं.

सुरुवात झाली लायडन विद्यापीठातल्या दोन प्राध्यापकांच्या भांडणापासून. गोमारस म्हणायचा, कुणाला तारायचं हे देवाने अनादिकाळीच ठरवलंय, माणसाच्या गुणावगुणांचा त्यात काडीचाही संबंध नाही. आर्मिनियस म्हणायचा, कृपेशिवाय सुटका नाही हे खरंच. पण कोण विश्वास ठेवणार हे देवाला आधी दिसतं आणि निवड त्यावरून होते. आमच्या भाषेत सांगायचं तर एकाच्या प्रोग्रॅममध्ये 'इफ' आहे, दुसऱ्याच्यात नाही.

आर्मिनियस १६०९ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या अनुयायांनी पाच कलमांचं निवेदन हॉलंडच्या प्रांतिक सभेला दिलं आणि वाद राजकारणात शिरला. ज्येष्ठ मुत्सद्दी ओल्डेनबार्नेव्हेल्टने या मंडळींना पाठीशी घातलं. (डच ईस्ट इंडिया कंपनीच्या स्थापनेमागे हाच गृहस्थ. आपल्या वेंगुर्ल्याची डच वखार त्याच कंपनीची, बरं का!) स्पेनशी १६०९ चा तहही त्यानेच घडवला होता. तो तह सेनापती मॉरिसला खुपत होता, त्यामुळे १६१७ मध्ये मॉरिस उघडपणे दुसऱ्या बाजूला गेला. १६१८ च्या ऑगस्टमध्ये त्याने म्हाताऱ्याला अटकच केली.

नोव्हेंबरमध्ये डॉर्ड्रेख्टला धर्मसभा भरली. इंग्लंड, स्वित्झर्लंड, जर्मनीतून पाहुणे आले. आर्मिनियसच्या अनुयायांना बोलावलं ते आरोपी म्हणूनच, आणि जानेवारीत हाकलूनही दिलं. निकाल लागला: निवड बिनशर्त, कृपा सर्वस्वी देवाची. सुमारे २०० पाळकांची पदं गेली.

हा सिद्धांत ऐकायला कठोर वाटतो, पण त्यात मोठा दिलासाही आहे. आपण पुरेसे चांगले आहोत का, हा हिशेब माणसाच्या डोक्यावरून उतरतो. दरवर्षी अप्रेझलला तोंड देणाऱ्या माझ्यासारख्याला तर हे पटकन कळतं. शिवाय कमाई आपली नसेल तर मिरवायचं कशाला?

आता पुढचं बघा. परदेशी पाहुण्यांना ९ मे रोजी निरोप दिला आणि १३ मेला हेगमध्ये ओल्डेनबार्नेव्हेल्टचा शिरच्छेद झाला. दयेचा अर्ज आला असता तर मॉरिसने शिक्षा कमी केली असती, असं म्हणतात. घरच्यांनी अर्ज केला नाही, कारण अर्ज म्हणजे गुन्ह्याची कबुली.

देवाच्या दयेला अट नसते, हे सिद्ध करायला सहा महिने सभा चालली. आणि जिंकलेल्या बाजूच्या पुढाऱ्याची दया मात्र अर्जावाचून हलली नाही. स्वर्गातला 'इफ' त्यांनी काढून टाकला, हेगमधला तसाच राहिला.