पंचहौदातील चहा

पाहुणा बैठकीवर टेकतो न टेकतो तोच 'काय घेणार?' असा प्रश्न होतो, आणि मग कोणाला आल्याचा चहा रुचतो, कोणाला जायफळ घातलेली कॉफी, उन्हाळ्यात कोकमाच्या सरबतावाचून कोणाचे भागत नाही, अशा बोलण्यात घटका निघून जाते. बोलता बोलता कोणी आपल्या कपातला अर्धा चहा बशीत ओतून शेजाऱ्यापुढे सरकवितो. हे सारे इतके अंगवळणी पडले आहे की, त्या बशीच्या पाठीशी केवढा कलह उभा आहे याची शंकाही कोणास येत नाही.

चहा येण्यापूर्वी आलेल्याच्या हाती गूळ-पाणी देण्याचा दस्तुर होता, चैत्रातल्या हळदीकुंकवाला पन्हे असे, आणि ज्या घरी दुभते असे त्या घरी आळीतल्या बायका भांडे घेऊन ताकाला जात. ताकाला जाऊन भांडे लपविण्याची म्हण याच रिवाजातून जन्मली. परंतु या औदार्याला कुंपण होते. कोणाच्या हातचे पाणी चालते आणि कोणाच्या हातचे चालत नाही, यावर जातीजातींचे परस्परसंबंध ठरत, आणि ज्यांना अस्पृश्य लेखले जाई त्यांच्या ओंजळीत पाणी वरून ओतले जाई. भांडे त्यांच्या हाती जात नसे.

अशा समाजात 1890 सालच्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक सभा भरली. न्यायमूर्ती रानडे, टिळक, गोखले यांच्यासह शहरातील चाळिसांहून अधिक प्रतिष्ठित मंडळी तेथे जमली होती, आणि व्याख्यान झाल्यावर यजमान मिशनऱ्यांनी त्यांच्यापुढे चहा-बिस्किटे ठेविली. कोणी चहा प्याले, कोणी यजमानांचा अवमान होऊ नये म्हणून पेला हाती घेऊन तसाच खाली ठेविला. पुढे डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे 'पुणे वैभव' पत्रात छापविली, आणि सनातनी पक्षाने शंकराचार्यांकडे फिर्याद नेली. 1892 साली पीठाकडून नेमलेले शास्त्री चौकशीसाठी पुण्यात आले, बाजू मांडल्या गेल्या, धर्मग्रंथांतील आधारांचा खल झाला. आपण काशीस प्रायश्चित्त घेतले आहे, असे टिळकांचे म्हणणे पडले. रानड्यांनी त्याच वर्षी पुण्यात इतर मंडळींसह प्रायश्चित्त घेतले, आणि त्याबद्दल सुधारकांतील अनेकांनी त्यांना फार बोल लाविला. त्यांची स्वतःची श्रद्धा डळमळली होती असे मला वाटत नाही. या प्रकरणापायी पडलेल्या बहिष्काराने ज्यांच्या घरची कार्ये अडून बसली होती त्या स्नेह्यांची सुटका व्हावी, एवढाच त्यांचा हेतू दिसतो, आणि ज्याला आपल्या मानापेक्षा मित्राचे दुःख अधिक लागते त्याला भित्रा म्हणणे मला अन्यायाचे वाटते. तरीही एवढ्या थोर पुरुषाला चहाच्या एका पेल्यासाठी मस्तक लववावे लागले, हे शल्य उरतेच.

या प्रकरणातील मर्म असे की, ज्या पेयावरून हे ग्रामण्य माजले त्याचा स्मृतींत कोठेही निषेध नव्हता. स्मृतिकारांना चहा ठाऊकच नव्हता. वाद पेयाचा नव्हे, तर पेला पुढे करणाऱ्या हाताचा होता. म्हणूनच प्यालेला आणि नुसता पेला हाती धरलेला यांच्यात भेद करावा की करू नये, हा प्रश्न विद्वानांना गहन वाटला.

ज्या भागात हे घडले त्याचे नाव पाण्याच्या हौदांवरून पडलेले आहे, आणि त्याच्या लगतच्या गंज पेठेत जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद 1868 सालीच अस्पृश्यांना खुला केला होता. चहाच्या सभेस दोन महिने पुरे होण्याच्या आत, 28 नोव्हेंबर 1890 रोजी, ते निवर्तले. शहराने आपल्या पुढाऱ्यांच्या पेल्याचा निवाडा करण्यात इतका काळ घालविला, आणि त्या हौदावर पाण्यास येणाऱ्यांचा प्रश्न मात्र कोणत्याही धर्मपीठाच्या पुढे मांडला गेला नाही, ही गोष्ट मला त्या काळच्या कागदपत्रांतील सर्वांत बोलकी पोकळी वाटते.

तो प्रश्न पुढे महाडास विचारला गेला. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत असा सभासद बोले यांनी मांडलेला ठराव 1923 साली मुंबईच्या कायदेमंडळात संमत झाला होता, महाडच्या नगरपालिकेनेही तो मान्य केला होता. तथापि 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने प्राशन केले तेव्हा त्यांच्या अनुयायांना मारहाण झाली, आणि मागाहून पंचगव्याच्या 108 घागरींनी तळ्याची शुद्धी करण्यात आली. प्रकरण न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल लागावयास 1937 साल उजाडले, आणि त्यानंतरही कित्येक गावांतील चहाच्या दुकानांत दलितांसाठी वेगळ्या कपबश्या बाहेर ठेवलेल्या असत, ज्या चहा पिऊन झाल्यावर त्यांनी स्वतःच धुऊन पुन्हा जागच्या जागी ठेवावयाच्या असत.