१२ डिसेंबर : बाहुल्यांची खरी आई कोण?
१९८३ : ‘कॅबेज पॅच किड्स’ बाहुल्या अमेरिकेच्या ‘न्यूजवीक’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकल्या. कोलेको कंपनीच्या या गुबगुबीत बाहुल्यांसाठी त्या नाताळात दुकानांत अक्षरशः हाणामाऱ्या झाल्या. प्रत्येक बाहुलीला वेगळे नाव, सोबत दत्तकपत्र. निर्माता म्हणून नाव आणि सही झेवियर रॉबर्ट्स यांची. पण केंटकीच्या मार्था नेल्सन थॉमस त्याआधीपासूनच कापडी बाळे हाताने शिवून दत्तकपत्रासह देत होत्या. रॉबर्ट्स यांनी ती काही काळ जॉर्जियात विकलीही होती. मार्था कोर्टात गेल्या. प्रकरण तडजोडीने मिटले, रक्कम गुप्त राहिली. २०१३ मध्ये मार्था वारल्या. पैशांची तडजोड झाली, पण बाहुलीवरच्या सहीत त्यांचे नाव कधीच आले नाही. हा अन्यायच म्हणावा लागेल.