राक्षस मेल्यावर आपण काय करतो? ‘कीचकवध’ ते ‘इन्फिनिटी कॅसल’

आजच्या भागाचा हा लेखी मजकूर. लोकलच्या गर्दीत इअरफोन निसटला, अर्धं ऐकायचं राहून गेलं, अशा सगळ्यांसाठी. एक गोष्ट आधीच सांगते. यात ‘डीमन स्लेयर : इन्फिनिटी कॅसल’चा शेवट फुटणार आहे. अजून पाहिला नसेल तर हे टॅब बाजूला ठेवा, सिनेमा बघा, मग या.

तर, तारीख १२ सप्टेंबर २०२५, शुक्रवार. ‘इन्फिनिटी कॅसल’ भारतात लागला. जपानी, इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगू अशा भाषांत. अडीच तासांहून मोठा सिनेमा, आणि तोही तीन भागांतला फक्त पहिला. तरी भारतात तोवर लागलेल्या सगळ्या अ‍ॅनिमे सिनेमांपेक्षा त्याने जास्त कमाई केली. ठाणे-कल्याण-डोंबिवलीतल्या आपल्या पोरापोरींनीही तिकिटांवर उड्या मारल्या. मी ठाण्यात पाहिला. आणि त्या अडीच तासांत मला पडद्याइतकंच खुर्च्यांकडे बघावंसं वाटत होतं. कारण लोक कुठे ओरडतात, कुठे गप्प होतात, हा माझ्या मते इतिहासाचा विषय आहे. आजचा भाग त्याच्यावरच.

तीन लढाया, तीन आवाज

या सिनेमात तीन मोठ्या लढाया आहेत. शिनोबु विरुद्ध डोमा. झेनित्सु विरुद्ध कायगाकु. आणि शेवटी तांजिरो आणि गियू विरुद्ध अकाझा.

झेनित्सुच्या वेळी थिएटर दणाणलं. एरवी घाबरून रडणारा हा पोरगा, गुरूने शिकवलेल्या सहा प्रकारांपलीकडचा सातवा प्रकार स्वतः तयार करून एका वारात लढाई संपवतो. शिट्ट्या, टाळ्या, मागच्या रांगेतून ‘भावा!’ अशी आरोळी. गंमत म्हणजे टाळ्या दोन हप्त्यांत येत होत्या. ज्यांना मूळ कॉमिक, म्हणजे मांगा, पाठ होतं त्यांच्या आधी, सबटायटल वाचणाऱ्यांच्या अर्ध्या सेकंदाने नंतर.

मग अकाझा. हा तोच राक्षस ज्याने ‘मुगेन ट्रेन’मध्ये रेंगोकुला मारलं होतं. त्याच्यावर सगळ्यांचा राग. तांजिरो त्याचं मुंडकं उडवतो तेव्हा टाळ्या पडल्याच. पण सिनेमा तिथे थांबत नाही. तो आपल्याला मागे नेतो. अकाझा माणूस होता तेव्हा त्याचं नाव हाकुजी. आजारी बापाच्या औषधासाठी चोऱ्या करणारा पोरगा. आपल्यामुळे मुलगा बिघडला म्हणून बाप गळफास घेतो. पुढे एक गुरू त्याला घर देतो, कोयुकी नावाची मुलगी आयुष्यात येते, लग्न ठरतं. आणि शेजारच्या आखाड्याचे लोक विहिरीत विष कालवतात. गुरूही जातो, कोयुकीही जाते. हाकुजी रिकाम्या हातांनी ६७ माणसं मारतो, आणि त्यानंतर मुझान त्याला राक्षस बनवतो. हे सगळं आठवल्यावर मुंडकं नसलेला अकाझा पुन्हा उभा राहतो खरा, पण शेवटचा वार स्वतःवरच करतो.

इथे थिएटरमध्ये टाळी पडली नाही. नाक ओढण्याचे आवाज येत होते. माझ्या शेजारी कॉलेजातला एक मुलगा होता, मिशी नुकती फुटलेली. तो हळूच म्हणाला, ‘बिचारा.’ जपानी आवाज, इंग्रजी अक्षरं, आणि तोंडातून आलेला शब्द मराठी.

शंभरहून अधिक वर्षांपूर्वीची एक नोंद

आता मी तुम्हाला थेट १९०७ मध्ये नेते. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर, टिळकांच्या ‘केसरी’तले, एक नाटक लिहितात. ‘कीचकवध’. गोष्ट महाभारतातली. अज्ञातवासात असलेली द्रौपदी, तिच्यावर नजर ठेवणारा कीचक, आणि त्याला ठार मारणारा भीम. महाराष्ट्र नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणलं.

कीचक शेवटी मरणार, हे थिएटरातल्या प्रत्येकाला लहानपणापासून माहीत. म्हणजे आपल्या भाषेत सगळ्यांना मांगा पाठ. तरी नाटक गाजलं. कारण कीचकात लोकांना लॉर्ड कर्झन दिसत होता. द्रौपदी म्हणजे हा देश, युधिष्ठिर म्हणजे अर्ज-विनंत्या करणारे मवाळ, भीम म्हणजे जहाल. नाटकात असं कुठेही लिहिलेलं नाही. हा अर्थ खुर्च्यांवर बसलेल्यांनी लावला.

२१ डिसेंबर १९०९ ला नाशिकमध्ये कलेक्टर जॅक्सनचा खून झाला, तोही नाट्यगृहातच, ‘शारदा’ नाटकाच्या वेळी. या खटल्यात अनंत कान्हेरे आणि त्यांच्या दोन साथीदारांना १९ एप्रिल १९१० ला आपल्या ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं गेलं. त्या दोन तारखांच्या मध्ये, १९१० च्या सुरुवातीला, ‘कीचकवध’वर सरकारने बंदी घातली.

आणि त्याच वर्षी व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकाराचं हिंदुस्थानातल्या असंतोषावरचं पुस्तक आलं. हो, तोच चिरोल, ज्याच्यावर टिळकांनी पुढे लंडनमध्ये अब्रूनुकसानीचा दावा लावला आणि जे तो हरले. त्या पुस्तकात ‘कीचकवध’च्या प्रेक्षकांचं वर्णन आहे. कीचकाचे चाळे बघताना पुरुषांचे ताणलेले, रागावलेले चेहरे. द्रौपदीची विनवणी ऐकताना बायकांचे चमकणारे डोळे. युधिष्ठिराच्या मवाळपणाबद्दलची नापसंती. आणि कीचक मारला जातो तेव्हा सगळ्या थिएटरातून उठणारा समाधानाचा खोल हुंकार.

हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता. आपल्या खापरपणज्या, खापरपणजोबा एका शेवटच्या लढाईला कशी दाद देत होते, याचा हा जवळजवळ व्हिडिओच आहे. आणि तो कुणी जपून ठेवला? ज्यांना त्या हुंकाराची भीती वाटत होती त्यांनी. एरवी प्रेक्षकांचं कोण लिहून ठेवतं? नाटककाराचं नाव राहतं, नटाचं राहतं. टाळी हवेत विरून जाते.

लढाई संपली, लोक उठेनात

आता जरा जवळ येऊ. २५ जानेवारी १९८७ ला दूरदर्शनवर रामानंद सागरांची ‘रामायण’ मालिका सुरू झाली. ३१ जुलै १९८८ ला ती संपली. रावण मेला, राज्याभिषेक झाला, गोष्ट पुरी. पण उत्तर भारतातल्या काही शहरांत सफाई कामगारांनी संप केला. त्यांची मागणी? पुढची गोष्ट दाखवा. कारण पुढच्या भागात वाल्मीकी येतात, आणि यातले बरेच कामगार स्वतःला वाल्मीकींचे वंशज मानणारे. कचरा साचला, सरकार हललं, आणि पुढे ‘उत्तर रामायण’ पडद्यावर आलं. शेवट आवडला नाही म्हणून लोकांनी शेवट पुढे ढकलायला लावला!

हे ऐकून ‘अटॅक ऑन टायटन’वाल्यांना काही आठवलं असेल. एप्रिल २०२१ मध्ये त्याचा मांगा संपला आणि चाहत्यांत उभी फूट पडली. एरनच्या शेवटावरून मित्रामित्रांत अबोला झाला. हाजिमे इसायामाने अ‍ॅनिमेच्या शेवटच्या भागासाठी आर्मिन आणि एरनचा संवाद नव्याने लिहिला. नोव्हेंबर २०२३ मध्ये तो भाग आला, तेव्हा शेवट तोच होता, पण त्याचा सूर बदलला होता. प्रेक्षक लेखकाशी भांडतो आणि लेखक ऐकतो, हे इंटरनेटच्या फार आधीपासून चालू आहे.

आणि अ‍ॅनिमे तरी आपल्याला नवं कुठे? ९० च्या दशकात दूरदर्शनवर रविवारी मोगली यायचा. ती जपानची मालिका, आणि हिंदीत शेरखानचा आवाज आपल्या नाना पाटेकरांचा. युगो साको आणि राम मोहन यांनी मिळून केलेला ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स रामा’ १९९२ चा. पुढे तो टीव्हीवर पाहून एक पिढी मोठी झाली, आणि २४ जानेवारी २०२५ ला तो पुन्हा थिएटरात लागला. म्हणजे आपल्यातल्या अनेकांनी अ‍ॅनिमेमध्ये पाहिलेली पहिली शेवटची लढाई राम-रावणाचीच.

हुंकार आणि हुंदका

मग बदललं काय? १९१० चं थिएटर कीचक मेल्यावर हुंकार भरतं. २०२५ चं थिएटर अकाझा मेल्यावर हुंदका देतं. पहिल्यांदा मला वाटलं, हे जपानकडून आलेलं. तिथले लेखक राक्षसाचंही बालपण सांगतात, म्हणून आपण रडतो.

पण ते तितकं सोपं नाही. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ ला आली. कर्ण चुकीच्या बाजूने लढतो, हे वाचणाऱ्याला ठाऊक असतं. तरी त्याच्या मरणाला मराठी घराघरांत लोक रडलेत. आईला विचारा, आजीला विचारा. रामायणातही रावण पडल्यावर राम बिभीषणाला सांगतो की मरणाबरोबर वैर संपलं, आता याचे अंत्यसंस्कार कर. म्हणजे राक्षसासाठी रडण्याची सोय आपल्याकडे होतीच. फक्त ‘कीचकवध’ पाहणाऱ्यांना ती परवडणारी नव्हती. त्यांचा कीचक खराखुरा राज्य करत होता. ज्याचा हात अजून आपल्या मानेवर आहे, त्याच्या बालपणाची चौकशी कोण करणार?

दिवाळीचंच घ्या. नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नानाच्या वेळी आपण अंगठ्याखाली कारीट फोडतो. तो नरकासुर. उजाडायच्या आत राक्षस संपला पाहिजे, हे आपल्याला तांजिरोने नाही शिकवलं. आणि त्यानंतर काय करतो? आवरून बाहेर पडतो. डोंबिवलीची पोरं फडके रोडवर, ठाण्याची तलावपाळीला आणि राम मारुती रोडवर. राक्षस मेल्यावर एकट्याने घरी बसायचं नसतं, हा आपला जुना नियम आहे.

मला वाटतं, ‘इन्फिनिटी कॅसल’ची गर्दी याच नियमाने झाली. मांगा १८ मे २०२० ला संपलाय. शिनोबुचं काय होतं, अकाझाचं काय होतं, हे फोनवर पाच वर्षं उपलब्ध होतं. तरी लोक तिकीट काढून आले, कारण तो शेवट लॉकडाऊनमध्ये प्रत्येकाने पांघरुणात, एकट्याने, सहा इंचांच्या स्क्रीनवर वाचला होता. तेव्हा ‘बिचारा’ म्हणायला शेजारी कुणी नव्हतं.

आता मुद्द्याचं. घरी आपल्याला काय ऐकावं लागतं, हे मला सांगायला नको. ‘एवढा घोडा झालास आणि कार्टून बघून रडतोस?’ ज्या आजोबांनी कर्णासाठी डोळे पुसले, त्यांच्या घरात हे ऐकावं लागतं. त्यांच्यावर रागावू नका. त्यांच्यासमोर ‘मृत्युंजय’ काढा आणि हाकुजीची गोष्ट मराठीत सांगा. कार्टून म्हणून नको, गोष्ट म्हणून. चोरी, औषध, बाप, विहीर, विष. बघा, ते मध्येच विचारतात की नाही, ‘मग पुढे?’

आणि एक काम करा. तुम्ही तो सिनेमा कुठे पाहिलात, कुणाबरोबर पाहिलात, कुठे ओरडलात, कुठे गप्प झालात, हे चार ओळींत लिहून ठेवा. मराठीत. तारखेसकट. रील उद्या डिलीट होईल, स्टोरी तर २४ तासांतच जाते. ‘कीचकवध’च्या प्रेक्षकांपैकी कुणाची अशी चार ओळींची वही आज मिळाली, तर मी तिच्यासाठी कल्याणहून पुण्याला उभ्याने जाईन. त्यांचा हुंकार चिरोलने लिहून ठेवला, त्याच्या नजरेने. तुमचा हुंदका तुम्हीच लिहा.

पुढच्या भागात भेटू. तोवर दुसऱ्या भागाची वाट बघा, आणि ज्यांनी मांगा वाचलाय त्यांनी कृपा करून तोंड बंद ठेवा!